कोण गं किंचाळत होतं काल?

"कोण गं किंचाळत होतं काल तुमच्याकडे?"

सकाळी दहाच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवरून हा प्रश्न आला तेव्हा मी शेवग्याखाली कपडे वाळत घालत होते. काकूंच्या हातात केळीचं पान. पानावर भाताची मूद, खीर, भाजणीचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. पितृपक्ष चालू, त्यात आज काकांची तिथी. मुलगा बंगळुरूला, तो तिथे काय करायचं ते करतो. इथे काकू दरवर्षी पान वाढतात, भिंतीवर ठेवतात आणि कावळा येईपर्यंत जागच्या हलत नाहीत. तेवढा वेळ भिंतीच्या अलीकडच्या माणसाचीही सुटका नसते.

आता आमचं घर नाशकात, द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर, काठे गल्लीच्या अंगाला. पण ती हाक ऐकू जाईल तर शपथ. एकीकडून मुंबई-आग्रा रस्ता, दुसरीकडून पुण्याचा रस्ता, डोक्यावर उड्डाणपूल आणि खाली रिक्षावाल्यांचे हॉर्न. या सगळ्यातून काकूंना आमच्या हॉलमधली किंचाळी ऐकू गेली, तीही रात्री साडेबाराला. त्यांच्या कानांना मी तेव्हाच मनातल्या मनात नमस्कार केला.

"कोणी नाही हो काकू. भाच्यानं पिक्चर लावला होता लॅपटॉपवर. जपानी."

"जपानी माणसं अशी ओरडतात?"

"नरकात ओरडतात."

काकूंनी पान भिंतीवर ठेवलं, पदर खोचला आणि भिंतीला टेकल्या. 'नरक' हा शब्द ऐकल्यावर त्या आत जाणं शक्यच नव्हतं.

तर तो चित्रपट 'जिगोकु'. जिगोकु म्हणजेच नरक. १९६० सालचा, दिग्दर्शक नोबुओ नाकागावा. भाचा म्हणाला, मावशी, क्लासिक आहे, भयपटांचा आजोबा समज. आणि पहिल्या अर्ध्या तासात स्वतः घोरायला लागला. मी मात्र चष्मा लावून, खाली पळणारी इंग्रजी अक्षरं वाचत शेवटपर्यंत बसले.

"साठ साली? साठ साली मी चौथीत होते," काकू म्हणाल्या. "'मुगल-ए-आझम' त्याच वर्षीचा. आम्हाला नेलं नाही. पोरींनी बघायचा नाही म्हणे. बरं, त्यांनाही असतो का नरक? मला वाटलं ते बुद्धाचे लोक, त्यांचं आपलं शांत."

"शांत कसलं काकू. यम इथूनच गेलाय तिकडे, चीनमधून वळसा घालून. तिकडे त्याला एन्मा म्हणतात."

"एन्मा." काकूंनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "यमच की हा. सर्दी झालेला."

मी त्यांना सांगितलं की नुसता यमच नाही, नरकांची नावंसुद्धा आपल्याकडचीच. बौद्धांचे आठ तापलेले नरक: संजीव, कालसूत्र, संघात, रौरव, महारौरव, तापन, प्रतापन, अवीची. जपानमध्ये गेन्शिन नावाच्या भिक्षूनं ९८५ साली 'ओजोयोशू' ग्रंथात या नरकांची अशी काही वर्णनं करून ठेवली की पुढे शेकडो वर्षं तिथले चित्रकार तीच रंगवत राहिले.

"कालसूत्र आणि रौरव आमच्यातही आहेत," काकूंनी लगेच हक्क सांगितला. "हे गेले तेव्हा गुरुजी रोज संध्याकाळी गरुडपुराण वाचायला यायचे ना, तेव्हा ऐकलेत मी. तामिस्र, अंधतामिस्र, कुंभीपाक, असिपत्रवन. झाडांना पानांऐवजी तलवारी. भागवतात मोजून २८ सांगितलेत. मी तर दहा दिवस कान देऊन बसले होते, आमच्या मोठ्या जाऊबाईंसाठी नेमका कुठला आहे ते कळेल म्हणून."

"कळलं का?"

"तीन-चार लागू पडत होते."

कावळा नव्हता. समोरच्या तारेवर दोन पारवे बसले होते आणि त्यांना पानाशी काही देणंघेणं नव्हतं. काकूंनी आकाशाकडे बघून एकदा "काव काव" करून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "हं. सांग गोष्ट. कोण मेलं?"

"सगळे."

"पहिल्यापासून सांग."

शिरो नावाचा कॉलेजातला मुलगा, धर्मशास्त्र शिकणारा. शिगेरू आमाचीनं ते काम केलंय. गरीब चेहऱ्याचा, सतत घाबरलेला. प्राध्यापकांची मुलगी युकिको, तिच्याशी लग्न ठरलेलं. सगळं छान चाललेलं. पण त्याला एक मित्र आहे, तामुरा. मित्र म्हणायचा आपला. तो दार वाजवत नाही, नुसता येऊन उभा राहतो. तुम्ही कुठेही जा, हा तिथे आधीच हजर. आणि प्रत्येकाची जुनी लफडी त्याला ठाऊक. हे प्राध्यापक एवढे सज्जन, तर त्यांनी म्हणे युद्धात मरायला टेकलेल्या सोबत्याचं पाणी पळवलं होतं. ते तामुराला माहीत. कुठून माहीत, ते विचारायचं नाही.

"म्हणजे माझ्यासारखा," काकू म्हणाल्या.

मी हसले. तेव्हा हसले.

"तर एका रात्री हे दोघं गाडीतून चाललेले. तामुरा चालवतोय, शिरो शेजारी. रस्त्यात एक दारुडा गुंड आडवा येतो. गाडी त्याला उडवते. आणि तामुरा थांबतच नाही. शिरो म्हणतो थांब, थांब. तो जातो निघून. शिरो नुसता शेजारी बसला होता हो काकू, गाडी काही तो चालवत नव्हता."

"मग उतरला का नाही?"

"चालत्या गाडीतून कसा उतरेल?"

"पुढे कुठेतरी थांबली असेल ना ती. का जपानमध्ये सिग्नल नाहीत?"

या प्रश्नाला काही उत्तर नव्हतं. द्वारकेला राहणाऱ्या बाईला तुम्ही 'गाडी थांबलीच नाही' हे पटवून देऊ शकत नाही. इथे थांबायची इच्छा नसलेली गाडीसुद्धा वीस मिनिटं थांबते.

"आणि बघितलं कुणी?" काकूंनी विचारलं.

"त्या गुंडाच्या आईनं. तिनं गाडीचा नंबर लक्षात ठेवला."

"पोलिसांना सांगितला?"

"नाही. मनात ठेवला. स्वतःच बघून घ्यायचं म्हणून."

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. पानाचं टोक दुमडलं होतं ते त्यांनी सरळ केलं, वड्यावर बसलेली माशी हाकलली. मला वाटलं काकांची आठवण आली असेल.

मग मी पुढचं भरभर सांगितलं, कारण मधला भाग खरंच इतका अंगावर येतो की एका दमात सांगून टाकलेला बरा. शिरोचं मन खायला उठतं. तो युकिकोला सांगतो, चल, पोलिसांकडे जाऊ. ती म्हणते चालत जाऊ. हा म्हणतो टॅक्सी करू. टॅक्सी आपटते, युकिको जागच्या जागी जाते. म्हणजे खरं सांगायला निघालेला माणूस आणखी एक जीव घेऊन बसतो. मग आई आजारी असल्याची तार येते, हा गावी जातो. तिथे बापानं वृद्धाश्रम चालवलाय, म्हाताऱ्यांना निकृष्ट खायला घालून पैसे वाचवतोय. आई एका खोलीत अखेरच्या घटका मोजतेय आणि बाप शेजारच्या खोलीत बाई घेऊन बसलाय. डॉक्टर चुकार, वार्ताहर खोटारडा. आश्रमाच्या समारंभात मेलेले मासे खाऊन म्हातारे मरतात, विषारी दारू पिऊन बाकीचे. एकूण एक माणूस संपतो, आणि मग पडद्यावर नरक सुरू होतो. शंभरेक मिनिटांच्या चित्रपटात पहिला तासभर पृथ्वीवरच जातो.

"म्हणजे पहिला तासही नरकच की," काकू म्हणाल्या. "आईच्या शेजारच्या खोलीत! आणखी वेगळा दाखवायची काय गरज?"

मी रात्रभर कूस बदलत जे शोधत होते ते काकूंनी खिरीवरची माशी हाकलता हाकलता सांगून टाकलं. पण त्यांना तसं कळू द्यायचं नसतं, नाहीतर आठवडाभर त्या तेच ऐकवतात.

"मग किंचाळी कुठली?" त्या मूळ मुद्दा विसरू देत नव्हत्या.

त्या नरकात काय नाही! कढया, करवती, सोललेली माणसं, रक्ताचं तळं, अंधारात वर आलेले नुसते हात. आणि हे सगळं साठ साली, संगणक नसताना, रंग आणि धूर आणि दिवे यांवर. शिंतोहो नावाची ती चित्रसंस्था आधीच डबघाईला आलेली होती, पुढच्याच वर्षी तिचं दिवाळं वाजलं. मला तर ते दृश्य बघताना नाटकाचा रंगमंच आठवत होता. मागे काळा पडदा, वरून एकच झोत, आणि त्या काळोखाला अंत नाही.

"आमच्या माहेरी होतं तसं चित्र," काकूंचे डोळे एकदम चौथीतले झाले. "सिन्नरला. 'करणी तशी भरणी'. काचेच्या फ्रेममध्ये, तांदळाच्या कोठीच्या वर. मधे यम, बाजूला चित्रगुप्त वही घेऊन, आणि सगळीकडे चौकटी चौकटी. खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढतायत, कमी मापात देणाऱ्याला उलटा टांगलाय. एका चौकटीत एक बाई होती, तिला राक्षस खांबाला बांधून मारतायत. मी आईला विचारलं हिनं काय केलं? आई म्हणाली, चोरून गूळ खाल्ला. मी पुढे किती वर्षं कोठीच्या खोलीत डोळे मिटून जात होते. गूळ मात्र खात होते हं."

जपानमध्येही तसंच. नरकाची चित्रं गुंडाळून घेऊन भिक्षुणी गावोगाव फिरायच्या, चौकाचौकात चित्र उलगडून काठीनं दाखवत गोष्टी सांगायच्या. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथ्यांतली चित्रं एकामागून एक दाखवत रामायण सांगतात ना, तशा. नाकागावानं त्याच चित्रांना हात-पाय फुटू दिले, एवढंच. आणि तसं पाहिलं तर नाशिककरांनी या बाबतीत जपान्यांकडून शिकण्यासारखं काही नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढून झाल्यावर ते बिऱ्हाड घेऊन नाशकात आले आणि १९१४ मध्ये त्यांनी इथे 'सत्यवान सावित्री' काढला. फिल्म आज उरलेली नाही. पण यमाशिवाय सावित्रीची गोष्ट होते कशी? तेव्हा जपान्यांच्या कितीतरी आधी, या गोदेच्या काठी, कुणीतरी मिशा चिकटवून आणि रेडा हाकत यम होऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला असणार.

"रेडा मिळवायला कष्ट पडले नसतील," काकू म्हणाल्या. "सावित्री मिळवायलाच पडले असतील. तेव्हा बायकांची कामं बाप्येच करायचे."

"आणि काकू, तिकडच्या समजुतीत यमापुढे एक आरसा असतो. माणूस समोर उभा केला की त्यानं केलेलं सगळं आरशात दिसतं. नाही म्हणायची सोय नाही."

"सीसीटीव्ही."

"तसंच."

"आपल्या चौकातला चालू असतो का गं तो?"

"असेल की."

"नसतो कधी कधी," काकू म्हणाल्या आणि पुन्हा आकाशाकडे बघायला लागल्या. "काय झालंय यांना? येत का नाहीत? वडे तर मऊ झालेत, दात नसले तरी चावतील." मग आवाज चढवून त्या तारेकडे बघून म्हणाल्या, "अहो, मुलाला फोन करीन, भांडणार नाही त्याच्याशी. या आता!"

पारवे उडाले. कावळा नाही.

नदीचा विषय मीच काढला, तो कावळ्याचा ताण हलका व्हावा म्हणून. जपान्यांचीही मेल्यावर ओलांडायची नदी असते. तिचं नाव सान्झु. तिच्या वाळवंटात आई-बापांआधी गेलेली लेकरं गोट्यांवर गोटे रचत बसतात, राक्षस येऊन ते पाडतात, आणि जिझो नावाचा बोधिसत्त्व येऊन त्या लेकरांना आपल्या बाह्यांत लपवतो. जिझो म्हणजे संस्कृतातला क्षितिगर्भ. तिकडे रस्तोरस्ती त्याच्या दगडी मूर्ती असतात, गळ्यात लाल लाळेरं बांधलेल्या.

"आपली वैतरणी," काकू म्हणाल्या. "गाईचं शेपूट धरून ओलांडायची ती. आमच्या ह्यांच्या वेळी गोदान पैशातच केलं. गुरुजी म्हणाले चालतं. मला काही पटलं नाही बाई. नोटेला काय शेपूट असतं?"

"पण वैतरणा आपल्या त्र्यंबकच्या डोंगरातच उगवते, ठाऊक आहे ना? गोदावरी तिकडून पूर्वेला निघते ती थेट आंध्रात समुद्राला मिळते. आणि वैतरणा पश्चिमेला. तिच्यावर ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर अशी तीन धरणं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतले तीन हिचे."

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "म्हणजे मुंबईचे लोक रोज सकाळी वैतरणीचं पाणी पितात?"

"गाळून."

"तरीच," काकू म्हणाल्या. मुंबईला त्यांच्या तीन नणंदा आहेत.

"त्यातली मधली मागच्या महिन्यात आली होती," त्या पुढे म्हणाल्या. "त्र्यंबकला नारायण-नागबळी करायला. तीन दिवस. नवी कोरी वस्त्रं, उपास, पिठाचा नाग, सगळं साग्रसंगीत. त्यांच्या घराण्यात कुणा पणज्यानं नाग मारला होता म्हणे. मी म्हटलं बाई, पणज्यानं नाग मारला त्याचं तू फेडतेस, आणि तुझ्या नवऱ्यानं मागच्या वर्षी ठाण्यात सायकलवाला पाडला त्याचं? तर म्हणते त्याला विधी नाही."

"नाहीच आहे."

"तेच म्हणते मी. नाग मेला तर विधी आहे. सायकलवाला पडला तर काय आहे?"

इथे माझी तीस वर्षांची विमा कचेरीतली नोकरी जागी झाली. म्हटलं, आहे की. पळून गेलेल्या, सापडत नसलेल्या गाडीनं माणूस मेला तर सरकारी योजनेतून वारसांना २ लाख रुपये, गंभीर जखमी झाला तर ५० हजार. १ एप्रिल २०२२ पासून. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. लोकांना ठाऊकच नसतं, अर्जच येत नाहीत. आणि आता नव्या न्यायसंहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम आहे: बेफिकिरीनं गाडी चालवून माणूस मेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. त्यावरूनच नाही का २०२४ च्या जानेवारीत टँकरवाले संपावर गेले? मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि नाशकात पंपांवर रांगा लागल्या.

"लागल्या तर! तुझा भाचा बाटली घेऊन उभा होता."

"चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो. तेही खोटं नाही काकू. शेवटी १ जुलै २०२४ ला बाकीचा कायदा लागू झाला, तेवढं पोटकलम सरकारनं बाजूला ठेवलं. माणूस घाबरून पळतो हो. त्या शिरोचंही तेच. तो काय वाईट मुलगा होता? नुसता शेजारी बसला होता. गाडी काही..."

"गाडी काही तो चालवत नव्हता," काकूंनी वाक्य पुरं केलं. "दुसऱ्यांदा सांगितलंस हे."

मी ओल्या टॉवेलला उगाच एक चिमटा जास्त लावला.

"झोप कितीला लागली काल?"

"लागली की. पिक्चर संपल्यावर."

"खोटं. तीनला तुमच्या स्वयंपाकघरात दिवा होता." काकूंनी हनुवटी भिंतीवर टेकवली. "दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, मागच्या वर्षी, संध्याकाळी सातला, सिग्नलच्या अलीकडे कोण चाललं होतं उलट्या बाजूनं स्कूटीवर?"

शेवग्याच्या शेंगा फार बारीक झाल्यात या वर्षी. ती झाडं एकदा छाटून घ्यायला हवीत. असलं काहीतरी मी म्हणाले.

"एमएच पंधरा," काकू म्हणाल्या. आणि मग पुढची अक्षरं. आणि मग चारही आकडे. माझ्या स्कूटीचे.

झालं होतं ते एवढंच. द्वारकेला वळसा नको म्हणून भाच्यानं सर्व्हिस रोडला उलटी गाडी घातली. मी मागे. पोतं अंथरून भाजी विकणारी एक बाई कडेला बसते, ती नेमकी उठत होती. हँडल तिच्या पाटीला लागलं. पाटी, तराजू, ती, सगळं खाली. भाच्यानं ब्रेक मारला. पाय टेकवला. तो उतरणारच होता.

"गाडी तो चालवत होता काकू," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं ते.

"आणि 'चल, चल, गर्दी जमेल' कोण म्हणालं?"

मी काही बोलले नाही.

"तिला ऐकू आलं ना. पडलेल्या माणसाला कान असतात गं. दुसऱ्या दिवशी मी कोथिंबीर घ्यायला गेले तर मनगटाला पट्टा. काय झालं म्हटलं, तर सगळं सांगितलं. हाड शाबूत होतं, लचकलं होतं. तीन आठवडे एका हातानं जुड्या बांधल्या तिनं. नंबर तिच्या पोरानं पाटीवर खडूनं लिहून ठेवला होता. मी वाचला, आणि म्हटलं आता काय बोलायचं! पोलिसात जाऊ का म्हणाली. म्हटलं थांब, मी बघते."

"तुम्ही मला बोलला नाहीत."

"मी काय यम आहे, घरी येऊन सांगायला? मला वाटलं येशील तू. आज येशील, उद्या येशील. दिवाळीचा फराळ घेऊन आलीस तेव्हा वाटलं आता बोलेल. तू चकली कशी झाली विचारलंस." काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि गल्लीत एका माणसाला बोलले नाही मी. एकाला! एवढी बातमी अकरा महिने पोटात ठेवली. मला काय कमी यातना झाल्या असतील?"

हे मात्र खरं होतं. काकूंच्या बाबतीत तो असिपत्रवनापेक्षा मोठा नरक.

आम्ही दोघी थोडा वेळ गप्प राहिलो. पुलावरून एक ट्रक संगीत हॉर्न वाजवत गेला. काकूंनी डोळे पुसले नाहीत, काही नाही, नुसता पदर सारखा केला.

"त्या पोराचं काय झालं शेवटी?" त्यांनी विचारलं. "जपान्याचं."

"नरकात त्याला कळतं की ती युकिको गेली तेव्हा तिला दिवस गेले होते. त्याचं बाळ, मुलगी, कमळाच्या पानावर ठेवलेली, नदीतून वाहत चाललीय. रडतेय. तिला वाचवायला हा धावत सुटतो, आणि एका प्रचंड चाकावर अडकतो. चाक फिरतंय. बाळ त्याच चाकावर, पण हात पुरत नाही."

"मग? मिळालं का बाळ?"

"दाखवलं नाही."

"म्हणजे काय, दाखवलं नाही? तास-दीड तास बसवलं माणसाला!"

"हात पुढे केलेला आहे. चाक फिरतंय. मग कमळाच्या पाकळ्या पडतात आणि संपतं."

"सावित्री असती तर आणलं असतं," काकू म्हणाल्या. "या पुरुषांना मेल्याशिवाय हात पुढे करायचं सुचत नाही. आणि बायका..." त्यांनी माझ्याकडे पाहून वाक्य तिथेच सोडलं. त्या क्षणी त्यांची नजर भिंतीवर गेली. "अगं! वडा कुठे गेला?"

पानावरचा एक वडा नव्हता. खिरीत एक ओरखडा होता. कावळ्यानं नेला म्हणावं तर आम्हा दोघींपैकी कुणीही पंखांची फडफड ऐकली नव्हती, आणि गॅरेजच्या पत्र्यावर आमच्या गल्लीतलं ते भुरं मांजर मिशा चाटत बसलं होतं.

"कावळाच," काकू ठामपणे म्हणाल्या. "हे असेच यायचे घरी. कुणाला न सांगता." त्यांनी पानाला हात लावून नमस्कार केला.

"काकू, त्या बाईला किती द्यावेत हो? औषधपाण्याचे, बुडालेल्या धंद्याचे..."

"गंभीर जखमींना ५० हजार म्हणालीस ना. लचकलेल्या मनगटाला काय दर आहे तुमच्या कचेरीत?"

"नाही तसा दर."

"मग दर तिलाच विचार. चारला बसते ती, सिग्नलच्या अलीकडे, मोठ्या कडुनिंबाखाली. भाच्यालाही घेऊन जा, सरळ बाजूनं." काकू आत वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत भिंतीशी आल्या. "आधी कोथिंबीर घे. मेथीही घे. आणि हे बघ, घासाघीस करू नकोस."